पापांची मातीची माणसं

७ डिसेंबर

माळ्यावरून खोकी काढली. एकटीनेच. गुडघा कुरकुरला, पण निघाली.

उघडली नाहीत. स्वयंपाकघरात ओळीने मांडली आणि समोर बसून कॉफी प्यायले. खोक्यांना अजून पापांच्या दुकानाचा वास येतो — दाढीचा साबण, स्पिरिट. दुकान बंद होऊन जमाना झाला, पापाही मार्चमध्ये गेले — वास आपला तिथेच!

दरवर्षी ते खुर्चीत बसून हुकूम सोडायचे. "सेराफिना, शेवाळ पिळून घे! माणसांचे पाय भिजतील." यंदा कोण ओरडणार?

संध्याकाळी विटोचा फोन. माझा हा धाकटा भाऊ आधी थंडीवर बोलायला लागला की समजावं, पोटात काहीतरी वेगळं आहे. निघालंच. त्याचा मुलगा जेरार्दो जानेवारीत बायको-मुलीला घेऊन अँटवर्पला चाललाय. कायमचा.

"ताई, तो म्हणतो आपापली माणसं बरोबर न्यावीत. मलाही वाटतं यंदा वाटणी करून टाकू. ज्याचं त्याला."

"कशाची वाटणी?"

"पापांच्या माणसांची."

दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला. चुलीवर काहीच नव्हतं.

८ डिसेंबर

मांडलं. आज मारियेचा सण, नाताळचा देखावा आजच मांडायचा असतो. उद्यावर टाकलं असतं तर हात उठला नसता.

बुचाच्या सालीचे डोंगर, खाली रानातलं शेवाळ, आरशाच्या तुकड्याचं तळं. वर गोठा — रिकामा. बाळ येशू चोवीसला यायचा. मग एकेक माणूस. कागदातून सोडवताना प्रत्येकाला नावाने हाक मारायची, ही पापांची सवय. मी मोठ्याने मारल्या हाका. घरात होतं कोण लाजायला!

डोक्यावर पावाची फळी घेतलेली बाई — मम्मा. पापांनी केलेलं पहिलं माणूस, लग्नाच्या वर्षीचं. लाकडाची मोळी वाहणारा — माझा नवरा मिकेले. तो गेला, मोळी अजून पाठीवर. खांद्यावर मेंढी — विटो. सुपाने पाखडणारी — मी. मी पाळण्यात होते तेव्हा केलेली, पण अख्खी बाई! घरात मूल झालं की पापा त्याचं डोकं दोन्ही हातांत घ्यायचे, डोळे मिटून चाचपायचे आणि म्हणायचे, "कळलं, मोठेपणी कसं दिसणार ते." न्हावी ना! साऱ्या गावाची डोकी बोटांना पाठ. माझं नाक त्यांनी तेव्हाच बरोबर धरलं होतं. आज आरशात बघून खात्री केली. चूक नाही, दुर्दैवाने.

कंदीलवाली — माझी लेक मिरेला. बासरीवाला — जेरार्दो. बदक कवटाळून उभी चिमुरडी — त्याची इओले, आता सहा वर्षांची. तिच्यानंतर पापांचे हात थरथरायला लागले. बाकी गाव आहेच. पाद्रीबाबा बकऱ्या हाकतायत, डॉक्टर गाढवावर उलटा बसलाय.

सगळे आहेत. पापा नाहीत. स्वतःचं त्यांनी कधी केलंच नाही. विचारलं की म्हणायचे, "माझं डोकं मी कसं चाचपणार? त्याला दुसऱ्याचे हात लागतात."

९ डिसेंबर

विटोला फोन केला नाही. त्यानेही नाही.

१३ डिसेंबर

फिलुमेनाबाई आल्या, दरवर्षीप्रमाणे तपासणीला. समोरच्याच घरात राहतात. त्यांच्या कोंबड्या आणि आमच्या वाफ्यांवरून पापांशी त्यांचं जुनं भांडण, म्हणून पापांनी त्यांची कोळीण केली. आ वासून मासे विकणारी.

चष्मा लावून वाकल्या. "अजून तोंड उघडंच का माझं? काय मेला खडूस माणूस!"

"उघडंच आहे, बाई."

"बरं आहे. मिटलेलं असतं तर मला ओळखलं कुणी असतं?"

हसलो दोघी. मग त्यांनी चष्मा काढला. विटोच्या बायकोने त्यांना सांगितलेलं दिसतं. "वाटणी करताय म्हणे. तुमची तुम्ही न्याल गं. मला कोण नेणार?"

मी त्यांना आणखी कॉफी ओतली. दुसरं काय करणार?

१८ डिसेंबर

मिरेलाचा तोरिनोहून फोन. बावीसला येतायत. ती, तिचा नवरा दाविदे — आणि यंदा बियांकाही. दाविदेची पहिल्या बायकोपासूनची मुलगी, अकरा वर्षांची. एरवी नाताळात आईकडे जाते, ट्रिएस्टेला. यंदा आईचं काही जमत नाहीये.

"मम्मा, तिच्याशी जरा नीट वाग हं."

"मी कधी कुणाशी वाईट वागले?"

"वाईट नाही गं. पाहुण्यासारखी वागतेस."

पाहुण्याशी पाहुण्यासारखंच वागतात ना! फोन ठेवल्यावर हे सुचलं.

२२ डिसेंबर

आले. बर्फामुळे घाटात अडकले होते. मिरेला वाळलीय. दाविदे नेहमीसारखा गोड बोलतो आणि लगेच फोन घेऊन गच्चीवर जातो.

मुलगी उंच, हडकुळी, केस तोंडावर. मला "सेराफिनाबाई" म्हणते आणि "तुम्ही". वळण चांगलं आहे. तरी घरात कुणी आपल्याला अशी हाक मारली की वाटतं, आपण पोस्टाच्या खिडकीमागे बसलोय.

देखाव्यापुढे बसली ती जेवणापर्यंत उठली नाही. हात पाठीमागे बांधून बघत होती. कुणी शिकवलं असेल — हात लावायचा नाही.

२३ डिसेंबर

करंज्यांचा दिवस. हरभऱ्याचं सारण, चॉकलेट घालून. विटोकडची मंडळीही आली. इओले आणि बियांका दोघींना कडा दाबायला बसवलं. इओलेच्या करंज्या तेलात उघडल्या. बियांकाची एकही नाही! बोटांत ताकद आहे पोरीच्या. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

मग इओले तिला हात धरून देखाव्याकडे घेऊन गेली. मला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं.

"ही मी. हा माझा बाबा. ही तुझी मिरेला."

"आणि मी?"

"तू नाहीस. तू आमची नाहीस ना!"

लहान पोर, तिला काय कळतं? पण आम्ही सगळे मोठे होतो की घरात. विटो होता, मिरेला होती, मी होते. एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. तेल मात्र तडतडत होतं.

२५ डिसेंबर

काल खारा मासा आणि तळलेल्या लाल मिरच्या. पापांची खुर्ची कुणी हलवली नाही, तिच्यावर कुणी बसलंही नाही. चर्चमधल्या रात्रीच्या मिस्साहून आल्यावर बाळ गोठ्यात ठेवायचं ते घरातल्या सगळ्यांत लहानाने. इओलेने ठेवलं. विटो रडला. मेंढीवाला माझा भाऊ.

आज नुसतं जेवण, भांडी, जेवण, भांडी.

वाटणी पाच जानेवारीला ठरली. "तुझ्याच टेबलावर, ताई. तूच दे हाताने." म्हणजे सुरीही माझ्याच हातात!

२६ डिसेंबर

मम्मा फुटली.

नीट लिहिते. दुपारी सगळे टेबलावर होते, मी पास्ता गाळत होते. आतून आवाज आला. भाजलेल्या मातीचा आवाज मी लहानपणापासून ओळखते. भट्टीतून काढताना एखादं माणूस फुटायचं तेव्हा पापा टोपी काढायचे.

गेले तर बियांका उभी, हात अजून तसेच धरलेले. जमिनीवर पावाची फळी, डोकं, घागरा. मागून इओले, "तिने पणजीला मारलं! पणजीला मारलं!" विटो लालबुंद. "कुणी सांगितलं होतं हात लावायला? आमच्या आईचं होतं ते! पहिलं होतं!" दाविदे म्हणाला, "पोर आहे हो, मातीचं एक खेळणं—" मिरेलाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की ती मी विसरणार नाही. तेवढ्यात पोरगी पळाली. खाली दुकानाचं दार वाजलं.

मी कुणावर ओरडले नाही. खाली बसून तुकडे वेचायला लागले. राग होता. लिहून ठेवते, होता. या घरात मम्माचा एक फोटो धड नाही, जे होतं ते एवढंच.

घागऱ्याचा मोठा तुकडा उलटा झाला. आत काहीतरी दिसलं. उजेडात धरलं.

पापांची बोटं.

माणूस आतून पोकळ ठेवतात, नाहीतर भट्टीत तडकतं. माती आतून अंगठ्याने दाबत दाबत चढवायची. हे मला ठाऊक होतं. लहानपणी मातीतले खडे वेचायचं काम माझंच. पण आत अंगठे राहतात, हे कधी डोक्यातच आलं नाही! ओळीने उमटलेले. एक तर इतका स्वच्छ की रेषा न् रेषा दिसते, आणि मधून आडवी खूण. वस्तऱ्याची. शिकाऊ असताना कापून घेतलं होतं ते. त्या खुणेवर माझं सगळं बालपण गेलंय — ताप आला की तोच अंगठा कपाळावर.

आणि हा अंगठा माझ्या जन्माच्याही आधीचा. तरण्या पोराचा. नवीन लग्न झालेल्या.

मी त्यात माझा अंगठा ठेवला. विटोला तुकडा दिला. त्याने ठेवला, मावेना — गॅरेजवाल्याचा अंगठा तो. मग जेरार्दो, मग मिरेला. मिरेलाने डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तुकडा सोडला नाही. इओलेने आत डोकावून बघितलं, म्हणाली, "म्हणजे पणजोबा आत बसले होते?"



पास्ता गार झाला. मी तो तुकडा घेऊन खाली दुकानात गेले. बियांका तिथल्या खुर्चीत बसली होती, गुडघे पोटाशी धरून. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाली, "मला फक्त तोंड बघायचं होतं. खालून. फळीच्या सावलीत दिसत नव्हतं. मी चिकटवून देते, सेराफिनाबाई. मला येतं."

"हात दे."

घाबरली. दिला. तिचा अंगठा त्या खळगीत ठेवला.

"हे कोण?"

"माझे वडील."

बराच वेळ चाचपत राहिली. "इथे जास्त खोल आहे. इथे त्यांनी जोर लावलाय." मग, "तू रागावली नाहीस?"

तू म्हणाली. तिला कळलंही नाही.

"रागावलेय," म्हटलं. "वर चल. जेवून घे."

२७ डिसेंबर

विटो गोंद घेऊन आला. परत पाठवला. चिकटवलं की आतलं पुन्हा बंद होणार. मम्माला हातरुमालात बांधून कपाटात ठेवलीय. डोकं, फळी, घागरा. सगळी एकत्र.

२९ डिसेंबर

बर्फ. बाकीचे विटोकडे पत्ते खेळायला. बियांका माझ्याजवळ राहिली, पोट दुखतंय म्हणून. पोट काही दुखत नव्हतं.

"डोकं चाचपून कसं कळतं?" तिने विचारलं.

"मला नाही येत. पापांना यायचं."

"बघ ना करून."

मी हसण्यावारी नेलं. ती खाली, माझ्या पायाशी येऊन बसली आणि केस मागे घेतले. आता काय करणार! डोळे मिटले. मागे उंचवटा. डावा कान उजव्यापेक्षा खाली. कपाळ रुंद, भुवया जवळजवळ. हनुवटी — जिद्दी. माझ्या हातांना हे सगळं समजत होतं! इतकी वर्षं खडे वेचले, भट्टी पेटवली, पण मातीला आकार द्यायला पापांनी कधी बसवलं नाही. "तुझे हात कणकेचे" म्हणायचे. मीही मान्य करून टाकलं.

"कळलं?" तिने विचारलं.

"कळलं."

"कशी दिसणार मी?"

"नाकाच्या बाबतीत वाचलीस. आमच्यासारखं नाही."

खळखळून हसली. पहिल्यांदा ऐकलं तिचं हसू.

३१ डिसेंबर

फटाके. दाविदे गच्चीवर फोनवर. मिरेला खाली भांडी पुसत होती — एकच ताट, पुन्हा पुन्हा. विचारलं. "काही नाही, मम्मा. थकलेय."

५ जानेवारी

झाली वाटणी.

सकाळी अंघोळ करून, चांगला झगा घालून बसले. फिलुमेनाबाई न बोलावता आल्या. एकेकाला हाक मारायची, माणूस उचलून त्याच्या हातात द्यायचं आणि पापा त्याच्याबद्दल काय म्हणायचे ते सांगायचं. वाटलं होतं नुसतं देऊन टाकीन. पण एकदा सांगायला लागले आणि थांबताच येईना! जेरार्दोला सांगितलं, "तुझ्या हाती बासरी दिली, कारण तू सात महिने सलग रडलास." त्याला हे ठाऊकच नव्हतं. विटोला सांगितलं, त्याच्या मेंढीला पाचवा पाय आहे, पोटाखाली, पापांची थट्टा. तो उलटी करून बघतो तर खरंच! इतक्या वर्षांत त्याने कधी बघितलं नव्हतं. हसून हसून पुरेवाट. इओलेने बदकवालीला आपल्या मोज्यात गुंडाळलं. मिरेलाने कंदीलवाली घेतली आणि लगेच खोलीत निघून गेली.

मिकेले माझ्याकडे राहिला. गावही माझ्याकडेच. फिलुमेनाबाईंना म्हटलं, "तुम्ही कुठे जात नाही. तुम्ही इथेच ओरडायचं." त्यांनी नाक शिंकरलं, जोरात.

बियांका दाराशी उभी. हात पाठीमागे.

मी म्हटलं, "तुलाही काहीतरी. बोल, काय हवं?"

तिने विचारही केला नाही. "अंगठ्याचा तुकडा."

विटो हळूच म्हणाला, "तो नाही गं पोरी. दुसरं माग." इतका मऊ आवाज त्याचा मी कधी ऐकला नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

नाही देता आला मला. हात कपाटापर्यंत गेला आणि परत आला. म्हटलं, "तो मी मेल्यावर." मग तोंडातून निघून गेलं, "पण तुझं माणूस मी करीन. पुढच्या नाताळपर्यंत. तू इथे उभी राहशील, विहिरीजवळ."

"तुला येतं?"

"नाही."

विचार करून म्हणाली, "चालेल."

६ जानेवारी

गेले सगळे. आधी जेरार्दोची गाडी, मग मिरेलाची. बियांकाने मागच्या काचेवर अंगठा दाबला, वाफेवर ठसा उठला. वळणापर्यंत दिसत होता.

शेवाळावर माणसांच्या उभं राहण्याच्या जागा दिसतायत. गोल, दबलेल्या. पापा, तुम्ही असतात तर ओरडला असतात का? की वाटून टाक म्हणाला असतात? मला खरंच माहीत नाही.

७ जानेवारी

आवरलं नाही. राहू दे.

११ जानेवारी

दुकानामागच्या कोठीत पापांच्या मातीचं पोतं सापडलं. माती दगड झालेली. फोडून पाण्यात भिजत घातली. खडे वेचले. निदान एवढं तरी मला येतं!

१९ जानेवारी

पहिलं माणूस वाळताना तडकलं. दुसऱ्याची मान बसली. तिसऱ्याचं तोंड फिलुमेनाबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "हा कोण, बिशप?"

पापा सांगायचे, चुकलं तर माती मोडायची, माणूस नाही मोडायचं. पुन्हा भिजवली.

२८ जानेवारी

आज डोळे मिटून केलं. हातांना आठवत होतं — मागचा उंचवटा, खालचा कान. उघडले तेव्हा ती समोर होती. वेडीवाकडी, पण तीच. जिद्दी हनुवटी! मी एकटीच टाळ्या वाजवल्या स्वयंपाकघरात.

बियांकाला फोन लावला, मिरेलाच्याच नंबरवर. "तुझ्या हातात काय देऊ? सूप, घागर, कोंबडी?"

"काही नको. हात रिकामे ठेव. मी येईन तेव्हा ठरवू."

मिरेलाशी बोलायचं होतं. ती म्हणाली, नंतर करते. केला नाही.

४ फेब्रुवारी

आतून अंगठ्याने दाबत वर जायचं. पापा कसे बसत असतील, ते आता कळतं. खांदे पुढे, श्वास धरून. त्यांची इतकी आठवण कबरीवरही आली नव्हती. दफनभूमीत नुसता दगड आहे. इथे माझे हात त्यांच्या हातांसारखे हलतायत.

वाळू दे सावलीत. घाई नाही.

९ फेब्रुवारी

मिरेलाचा फोन. दाविदे घर सोडून गेला. बियांकाला घेऊन, ट्रिएस्टेला. नाताळाआधीपासूनच मोडलं होतं. सणात सांगायचं नव्हतं, म्हणाली. खूप रडली. मीही.

मग म्हणाली, "मम्मा, ते माणूस आता राहू दे. तिचं आपलं काही नातं नाही आता."

मी म्हटलं, पत्ता दे.

"टपालाने फुटेल गं."

"टपालाने कोण पाठवतंय? उद्या भट्टी लावते. मी घेऊन जातेय."